बाकी उरलीच पाहिजे

दातवाल्यांचा माणसाच्या दातांशी काहीएक संबंध नव्हता. चाळीस वर्षं ते एका कारखान्यात गिअर कापत होते, म्हणजे लोखंडी चाकांना दात पाडत होते, आणि त्यावरून गल्लीने त्यांचं नावही पाडलं होतं. गल्लीत नव्याने राहायला आलेला कुणी कधी गाल धरून त्यांच्या दारात उभा राही. दातवाले गंभीर चेहऱ्याने विचारत, "किती दातांचं चाक हवंय?" आणि मग त्याला कोपऱ्यावरच्या खऱ्या डॉक्टरचा पत्ता सांगत.

त्यांच्या धंद्यात मूळ संख्या म्हणजे डोकेदुखी. मूळ संख्या ती, जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणाचाच भाग जात नाही. चाकाला साठ दात पाडायचे तर काम सोपं. साठाला दोन, तीन, चार, पाच सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे चाक सारख्या भागांत फिरवणाऱ्या भागयंत्राच्या थाळीवरची भोकं मुकाट्याने जुळतात. पण एकशे सत्तावीस दात म्हटले की भल्याभल्या कारागिरांच्या कपाळाला आठ्या. तरी अशी चाकं मागणारे असतातच, कारण त्यांच्या प्रत्येक दाताची समोरच्या चाकाच्या प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि सगळे दात सारखे झिजतात. दातवाले म्हणत, मूळ संख्या सासुरवाशिणीसारखी नसते, ती कुणाच्या घरात सहज बसत नाही. पण एकदा बसली की टिकते.

त्यांचा जुना मित्र कारखान्याच्या नकाशाच्या खोलीत होता. कानावर कायम पेन्सिल, म्हणून नावही पेन्सिल. तीस वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्याने मशीनच्या काळ्या झाकणावर खडूने एक आकडा लिहिला होता: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ही मूळ संख्या आहे, तो म्हणाला होता, आणि हिचं शेपूट छाटलंस तरी मूळच राहते. शेवटचा तीन पुसला, ७३९३९१३ उरले. मूळ. पुन्हा तीन पुसला, ७३९३९१. मूळ. असं करत करत ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी नुसता सात. कुठेही थांबा, कुणाचाही भाग जात नाही. आणि हिच्याहून मोठी अशी संख्या जगात नाही.

दातवाले त्या आकड्याच्या प्रेमातच पडले. त्यानंतर हाताखाली जो कुणी नवा शिकाऊ येई, त्याला पहिल्या दिवशी ते हा आकडा सांगत. तीस वर्षांत कितीजणांना सांगितला याची गणती नाही. तपासून मात्र एकदाही पाहिला नाही. पेन्सिलने सांगितलं म्हणजे खरंच असणार.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं. ते त्याच्याकडे बघत राहिले, पण उजवा हात काही पुढे जाईना. बायको पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. नळ फार वेळ वाहतोय म्हणून ती उठून आली, आणि तिने वेळीच हालचाल केली म्हणून ते वाचले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढू लागला, आणि शब्दांची सरमिसळ झाली. चमच्याला ते खिडकी म्हणत आणि आपण चुकलो हे कळून डोळे मिटून घेत.

शब्द हळूहळू परतू लागले. आकडे मात्र गेले ते गेलेच. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई वाचा-उपचार करत. त्यांनी एक कार्ड पुढे धरलं. त्यावर पाच फुगे होते, दोनांवर फुली होती. किती उरले, असं त्यांनी विचारलं. दातवाल्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "नऊ." बाईंचा चेहरा हलला नाही, पण न हलणारा चेहरा म्हणजे काय हे दातवाल्यांना चांगलं ठाऊक होतं; शिकाऊ पोराने चाक बिघडवलं की ते स्वतः तसाच चेहरा करत. चाळीस वर्षं केसाच्या जाडीचा हिशेब करणाऱ्या माणसाला पाचातून दोन जाईनात. 

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. बायको टेबलावर कापड पसरून बेतत होती. दातवाल्यांनी डाव्या हाताने तिचा खडू उचलला आणि कापडाच्या कडेला वेड्यावाकड्या रेघा ओढू लागले. ती ओरडणार होती, पण तिने खाली पाहिलं. आठ आकडे होते, एकामागून एक, ७३९३९१३३. बाकी सगळं वाहून गेलं होतं, हा एक आकडा तेवढा गाळात रुतून राहिला होता.

तिने ते कापड तसंच घडी करून पुढच्या खेपेला बाईंकडे नेलं. फोन नंबर आहे का, बाईंनी विचारलं. दातवाल्यांनी अडखळत, हातवारे करत, आकड्यांवर बोट ठेवून शेपूट छाटण्याची गोष्ट सांगितली. आणि मग म्हणाले की मला फुगे नकोत. मला हे तपासायचंय. भागाकार करून, हाताने.

बायकोने साधी गोष्ट सांगितली: मोबाइलवर टाकलं तर एका क्षणात उत्तर येईल.

दातवाल्यांनी शब्द शोधायला वेळ घेतला. "मोबाइलला कळेल," ते म्हणाले. "मला कळायला नको?"

बाई विचारात पडल्या. मग त्यांनी मान डोलावली. भागाकारात वजाबाकी होती, पाढे होते, आकडे उतरवणं होतं, नजर ओळीवर धरून ठेवणं होतं. ज्या ज्या गोष्टी बिघडल्या होत्या त्या सगळ्या त्यात होत्या. फक्त त्यांनी एक अट घातली. दिवसाला जास्तीत जास्त सहा भागाकार. सातवा करायचा नाही. थकलेला मेंदू चुकीचं तेच घोकून ठेवतो.

बायकोने चौकटीच्या वह्या आणल्या, एका चौकटीत एक आकडा बसेल अशा. गिअरवाल्यांच्या जाडजूड हँडबुकात मागे मूळ संख्यांचा तक्ता असतो. ते पुस्तक माळ्यावरून खाली आलं. खिडकीजवळ टेबलाची एक बाजू त्यांची आणि दुसरी तिच्या यंत्राची, अशी वाटणी झाली.

सुरुवात त्र्याहत्तरपासून. त्याला दोन, तीन, पाच आणि सातने भागून पाहायचं, एवढंच. दोनने भाग जात नाही हे आंधळ्यालाही दिसेल, असं पेन्सिल भेटायला आला तेव्हा म्हणाला. दातवाल्यांनी तरीही मांडून केला. पहिल्या भागाकाराला पाऊण तास लागला आणि तीनदा चुकला. चौथ्यांदा खाली एक उरला. तो एक त्यांनी गोल करून ठेवला.

सातशे एकोणचाळीसला नऊ भागाकार लागले. त्यापुढे जायची गरज नसते, हे त्यांनी बायकोला गिअरच्या भाषेत समजावलं. संख्येचे दोन तुकडे पडायचे तर ती चाकांची जोडी असते. दोन्ही चाकं मोठी असू शकत नाहीत, एक तरी लहान असणार. सत्तावीस गुणिले सत्तावीस सातशे एकोणतीस होतात, अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस सातशे चौऱ्याऐंशी, म्हणजे आपल्या संख्येच्या पार पुढे जातात. म्हणून सत्तावीसच्या आत लहान चाक सापडलं नाही की जोडीच नाही. बायको म्हणाली, आमच्या माहेरी स्थळं पाहताना हा नियम कुणाला माहीत नव्हता. दातवाले हसले. आजारानंतर त्यांना हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

७३९३ ला तेवीस भागाकार लागले, ७३९३९ ला अठ्ठावन्न. बोटांना पेन धरायची सवय झाली, पाढे एकेक करून घरी परतले. सातचा सगळ्यात आधी, आठचा सगळ्यात उशिरा. प्रत्येक पानाच्या तळाशी काहीतरी उरत होतं, आणि ते गोल करताना त्यांच्या चेहऱ्यावर मशीन बंद करून हात पुसणाऱ्या माणसाची शांती येई. त्यांचा एकच मंत्र होता: बाकी उरलीच पाहिजे.

मग आला ७३९३९१. याला एकशे एकोणपन्नास भागाकार करायचे होते, तक्त्यातल्या आठशे एकोणसाठपर्यंत. त्यातला नव्व्याण्णववा होता पाचशे तेवीसचा. दुपार व्हायला आली होती, बायको भाजी आणायला बाहेर गेली होती. दातवाल्यांनी शेवटची वजाबाकी केली आणि खाली काहीच उरलं नाही. शून्य.

त्यांनी पुन्हा केली. शून्य. उत्तर आलेल्या पंधराशे सतराला पाचशे तेवीसने गुणून पाहिलं, तर पानाच्या डोक्यावर लिहिलेला आकडा जसाच्या तसा आला. भाग पूर्ण जात होता. संख्या मूळ नव्हती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. बायकोने परत आल्यावर काय झालं म्हणून विचारलं, तर वही तिच्याकडे सरकवली आणि पाठ फिरवून बसले. दुपारचं ताट तसंच परत गेलं. शेवटी तिने पेन्सिलला फोन केला.

पेन्सिल आला तेव्हा दातवाले त्याच्यावर भडकले. जिभेला झेपेल तेवढं बोलले, आणि उरलेलं टेबलावर हात आपटून सांगितलं. तीस वर्षं मी पोरांना खोटं सांगितलं, तुझ्या भरवशावर सांगितलं, असा सगळ्याचा मथितार्थ. पेन्सिलने ऐकून घेतलं. मग कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवत तो खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, मी तरी कुठे तपासलं होतं? कुठल्याशा मासिकात वाचलं होतं मी."

 मग पेन्सिलने खिशातून मोबाइल काढला. आता एकदाचा निकाल लावून टाकू, असं त्याचं म्हणणं होतं. दातवाल्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो उजवा हात होता. बोटं नीट मिटत नव्हती, पण वजन होतं.

"थांब," ते म्हणाले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन ते टेबलाशी बसले. गिअर कापताना कधी कधी असं होतं की चाक पूर्ण फिरून येतं आणि शेवटचा दात अर्धाच उरतो. नवखा माणूस त्या शेवटच्या दाताला शिव्या देतो. जाणता माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही; तो मागे जातो, पहिल्या दातापाशी, कारण चूक नेहमी मांडणीत असते, शेवटी ती फक्त दिसते. दातवाल्यांनी भागाकाराकडे पाहिलंच नाही. पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. सात. नऊ. तीन. तीन. नऊ. एक.

ते थांबले. पुन्हा वाचलं. सात, नऊ, तीन. तीन आणि नऊ यांनी जागा बदलल्या होत्या. त्यांनी भागला होता तो ७९३३९१, आणि त्याला पाचशे तेवीसचा भाग खरोखरच जात होता. भागाकार बिनचूक होता. संख्याच दुसरी होती.

नव्या पानावर त्यांनी ७३९३९१ एकेका चौकटीत लिहिलं, बायकोकडून वाचून घेतलं, आणि भागलं. तीनशे ब्याण्णव उरले.

त्यांनी ते गोल केले, पण आनंद साजरा केला नाही. बायकोला वाटलं होतं, आता स्वारी खूश होणार. उलट ते म्हणाले की एका पानावर आकडे उलटे पडले तर आधीच्या अठ्ठ्याण्णव पानांचा काय भरवसा? बाकी उरली म्हणून मी पुढे गेलो. पण कुणाची बाकी?

त्या आठवड्यात नवा भागाकार झाला नाही. बायकोने शिवण बाजूला ठेवलं आणि पानामागून पान वाचून दाखवलं, टाके मोजावेत तशा एका सुरात: सात तीन नऊ तीन नऊ एक, सात तीन नऊ तीन नऊ एक. जिथे सूर तुटे तिथे दातवाले पानाचा कोपरा दुमडत. आणखी अकरा पानं दुमडली गेली.

दुमडलेल्या पानांसकट वही घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंनी पानांवरच्या तारखा बघून कोणत्या दिवशी कितवा भागाकार झाला ते मोजलं. मग त्यांनी विचारलं, "काका, या अकराही दिवशी सातवा आणि आठवा भागाकार झालाय. चुकलेलं पान प्रत्येक वेळी त्यांतलंच एक आहे. अट काय होती?"

दातवाले खिडकीबाहेर बघू लागले. बायकोने सांगितलं की मी भाजी आणायला बाहेर पडले की हे चोरून करायचे; मला माहीत होतं, पण उत्साह मोडवेना. बाई रागावल्या नाहीत. पण पाचशे तेवीसचं पानही आठवं होतं हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बारापैकी बारा.  दातवाल्यांनी कबूल केलं, आणि त्यानंतर सातवा भागाकार कधीही झाला नाही.

अकरा पानं पुन्हा करायच्या आधी त्यांना एक साधन हवं होतं. पितळी पट्टीला एक खाच, तीतून एका वेळी दोनच आकडे दिसतील अशी. ते बायकोचा हात धरून कारखान्यात गेले. त्यांच्या मशीनवर आता त्यांचीच एक शिष्या उभी होती. तिला त्यांनी पहिल्या दिवशी तोच आकडा सांगितला होता. तिने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पण ते बसले नाहीत. पट्टी शिकंज्यात त्यांनी स्वतः आवळली. डाव्या हाताने दांडा फिरवला आणि उजवा त्यावर नुसता टेकवला. खाच जरा तिरपी आली. पूर्वी असती तर भंगारात टाकली असती; आता त्यांनी कानस मारली आणि खिशात घातली.

निघताना त्यांनी शिष्येला सांगितलं, "मी तुला सांगितलं होतं ते ऐकीव होतं. तपासतोय. झालं की कळवतो."

ती म्हणाली की सर, मी तेव्हाच घरी जाऊन संगणकावर बघितलं होतं, खरं आहे ते. दातवाल्यांनी मान हलवली. बरं झालं, तुझं तपासून झालं, ते म्हणाले. माझं अजून व्हायचंय.

अकरा पानं पुन्हा झाली. अकराही ठिकाणी बाकी उरली. मग राहिलेले पन्नास. ७३९३९१ मूळ निघाली त्या दिवशी पेन्सिल पेढ्यांऐवजी पेन्सिलींचा डबा घेऊन आला. पुढची संख्या सात आकडी, तिला तीनशे सत्त्याण्णव भागाकार. त्यात अडीच महिने गेले. त्याच काळात एकदा बायकोने दुकानातून आणलेल्या बटणांचा हिशेब तोंडी विचारला, सहज, तोंडात सुया धरून, आणि त्यांनी तो सहज सांगितला. दोघांच्याही ते नंतर लक्षात आलं. बाईंनी आठवड्याची भेट महिन्यावर आणली आणि फुग्यांचं कार्ड पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

शेवटची संख्या आठ आकडी. तिला हजाराहून जास्त भागाकार होते, तक्त्यातल्या आठ हजार पाचशे सत्त्याण्णवपर्यंत. रोज सहा. मध्ये ताप आला तेव्हा चार. बायकोच्या बहिणीकडे गेले तेव्हा वही सोबत गेली. कंटाळा आला नाही असं नाही. चारशेच्या आसपास एकदा त्यांनी पेन भिरकावलं होतं, आणि बायकोने ते उचलून, निब तपासून परत टेबलावर ठेवलं होतं. सहाशेनंतर पेन उजव्या हातात आलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण चौकटीच्या आत.

शेवटच्या पानाला पेन्सिल हजर होता. बायकोने यंत्र थांबवलं. पितळी खाच सरकत गेली, ७३, ९३, ९१, ३३, आणि बायकोने आकडा वाचून खरा केला. मग त्यांनी भागलं. आठ हजार सहाशे वेळा भाग गेला आणि चार हजार नऊशे तेहतीस उरले.

दातवाल्यांनी गोल काढला. तो गोल बऱ्यापैकी गोल होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेन्सिलने डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला. दातवाल्यांनी शिष्येला फोन लावला आणि एकच वाक्य सांगितलं, न अडखळता: "मी स्वतः पाहिलंय, कुणाचाही भाग जात नाही."

बायकोने वह्या मोजल्या, अठरा भरल्या. आता हे टेबल मला पूर्ण मिळेल ना, तिने विचारलं. दातवाले तक्त्याची पानं चाळत होते. ते म्हणाले की पेन्सिलने त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हिच्याहून मोठी अशी संख्या नाही. म्हणजे हिच्या शेपटाला कुठलाही आकडा जोडला तरी ती मोडते. तेही ऐकीवच.

पेन्सिलने कपाळाला हात लावला. दातवाल्यांनी मात्र आधीच मांडणी केली होती. शून्य, दोन, चार, सहा, आठ जोडले तर दोनने भाग जातो, पाच जोडला तर पाचने. एक किंवा सात जोडला तर अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात बसते. म्हणजे उरले फक्त दोनच आकडे: तीन आणि नऊ. या वेळी बाकी शून्य यायला हवी, आणि ती कुठे येईल हे माहीत नाही, लहान चाक कुठेही लपलेलं असू शकतं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "रोज सहाच," ती म्हणाली, आणि एकोणिसावी वही पुढे सरकवली.

दातवाल्यांनी पहिल्या पानाच्या डोक्यावर नऊ चौकटींत ७३९३९१३३३ लिहिलं. बायकोने वाचलं. दोन, तीन आणि पाच झाले; प्रत्येक ठिकाणी काहीतरी उरलं. मग त्यांनी सातने भागलं. दोन उरले. त्यांनी पान उलटलं आणि अकरा लिहिलं.